गिळंबाची डावी बाजू

माझं लग्न झालं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं की या घरात आपण दोघं नाही, तिघं राहणार आहोत. तिसरा गिळंबा. विश्वभक्षी गिळंबा, हे त्याचं पूर्ण नाव. ताऱ्यांच्या पलीकडून यायचा, वाटेतले ग्रह गिळत यायचा आणि शेवटी आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरायचा. मग तिथे जेवायची सोय नाही. आयुष्यातली निम्मी जेवणं मी मांडीवर ताट घेऊन केली आहेत, आणि त्याला हा प्राणी जबाबदार आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल चार शब्द बरे बोललो तर घरचा म्हणून बोललो असं कुणी म्हणायला नको.

गिळंबा काढायची ती आमची ही. मुलांचं एक मासिक होतं, त्यात शेवटची पानं चित्रकथेची. नायकाचं नाव उल्काजित. जाड भुवया, पुढे काढलेली छाती, कपाळावर केसांचा कोंबडा. त्याला काढायचे मासिकाचे मुख्य चित्रकार, मोठे नावाजलेले गृहस्थ. ही तिथे नवीन लागली होती. समासातली फुलं, कोड्यांच्या चौकटी, असली किरकोळ कामं तिच्याकडे. एका महिन्यात उल्काजितला लढायला कुणीतरी हवं होतं आणि मुख्य चित्रकारांना राक्षस काढायचा कंटाळा आला होता. ते हिला म्हणाले, तूच काढ जमेल तसा, एका अंकापुरता तर आहे. हिने काढला. मधे एकच मोठा डोळा, तोही अर्धा मिटलेला, आणि चारी बाजूंना लांबच लांब सोंडा. तो अंक निघाला आणि मुलांनी संपादकांचं डोकं खाल्लं. उल्काजितचं कुणाला काही पडलं नव्हतं; हा परत कधी येणार, एवढंच जो तो विचारत होता. तेव्हापासून गिळंबाचं ठरून गेलं. यायचं, मार खायचा, जायचं, आणि थोड्या दिवसांनी परत यायचं.

सोंडा किती, हे तिने कुणाला कधी मोजू दिलं नाही. संपादकांनी एकदा विचारलं होतं, ताई, आकडा तरी एक ठेवा. तर म्हणाली, मोजता आल्या तर भीती कसली? या चित्रात जितक्या दिसतील तितक्या. संपादकांनी हात टेकले. मी तर केव्हाच टेकले होते.

सोंड काढायची तिची एक रीत होती. मुळापासून टोकापर्यंत ब्रश उचलायचा नाही. श्वास रोखायचा आणि एका दमात रेष ओढायची. तेवढ्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, शिंक आली तर गॅलरीत जायचं. रेष बिघडली तर पांढरा रंग लावून झाकाझाक करणं तिला मान्य नव्हतं. कागद फाडायचा, दुसरा घ्यायचा. तिचा गिळंबा वेगळ्या कागदावरच असायचा. ऑफिसात तो कापून उल्काजितच्या पानांवर चिकटवायचे, त्यामुळे कागद फाडला तरी मुख्य चित्रकारांचं काही बिघडत नसे. माझं बिघडायचं, कारण केर मी काढायचो.

सोंडा झाल्या की वाट्या. ऑक्टोपसला असतात तशा, चिकटणाऱ्या, गोल गोल. वाट्या काढताना मात्र तोंड मोकळं. आमच्या घरात जे काही महत्त्वाचं बोलणं झालं ते वाट्यांच्या वेळी. लेकीचं लग्न वाट्यांवर ठरलं. घर बदलायचं वाट्यांवर ठरलं. माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं फिसकटलं होतं, ते मिटवायला हिने मला वाट्या काढता काढताच तयार केलं. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून घरी यायचो आणि आधी दारातून डोकावून बघायचो, काय चाललंय. सोंडा असल्या की चपला हातात घेऊन आत.

त्या दुपारी वाट्या चालू होत्या. म्हणजे ती बोलत होती, म्हणजे मला काहीतरी सुनावत होती. मी निवृत्त झाल्यापासून नुसता घरात लोळतो, असा एकूण विषय. बोलता बोलता तिचं वाक्य घसरलं. शब्द होते पण ओळखू येईनात. मला वाटलं, माझी नक्कल करतेय. मग ब्रश हातातून पडला, शाईची बाटली कलंडली आणि शाई टेबलावरून जमिनीवर टपकायला लागली. ती नुसती बघत राहिली. हिच्या हातून शाई सांडली आणि हिने पुसली नाही म्हटल्यावर मी धावत जाऊन तिला धरलं.

मेंदूत रक्ताची गुठळी, असं हॉस्पिटलात सांगितलं. उजवा पाय, उजवा हात आणि जीभ. जीभ हळूहळू सुटली. पायही काठीच्या आधाराने जमीन शोधायला लागला. हात आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल तितका येईल, बाकी आता विश्रांती आणि मनाला ताण नको. मी डॉक्टरांचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. ती जिवंत घरी आली, मला तेवढं पुरे होतं. हात गेला तर गेला, माझे दोन होते ना. मी तिला भरवायचो, अंघोळ घालायचो, वेणी घालायचो. वेणी बघून लेक हसून हसून पडायची, पण घालायचो.

मग संपादक बघायला आले. माणूस सज्जन आहे, मी उगाच नावं ठेवणार नाही. फळं आणली होती, खुर्चीच्या टोकावर बसले होते, कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, ताई, तुम्ही कसली काळजी करू नका, गिळंबाची सोय झाली आहे. जाहिरातींची चित्रं काढणारे एक गृहस्थ आहेत, हात फार चांगला आहे, ते काढतील. नमुना म्हणून तुमची जुनी चित्रं तेवढी न्यावी म्हणतो. मी उठलो, कपाटातून गठ्ठा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. मला खरंच वाटलं होतं की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

ते गेल्यावर ती मला म्हणाली, "कागद आणा."

मला वाटलं, बोलायला त्रास होतोय, काही लिहून सांगायचं असेल. कागद आणि पेन दिलं. तिने डाव्या हाताने पेन मुठीत धरलं आणि कागदावर एक वाकडी रेष ओढली. मग तिच्याखाली दुसरी. मी म्हटलं, हे काय? तर जड जिभेने, एकेक शब्द जागेवर बसवत म्हणाली, "गिळंबा कुणाला द्यायचा नाही."

तिथून आमचं वाजलं. मी म्हटलं, जिवावर बेतलं होतं ते विसरलीस का. म्हटलं, राक्षसाचं काय घेऊन बसलीस, त्याला काय आईबाप आहेत, कुणीही काढेल. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहते. ती आली, तीही माझ्या बाजूने. आई, पुष्कळ केलंस आता, म्हणाली. जाताना मला बाजूला घेऊन कागद लपवायला सांगून गेली. मी धान्याच्या डब्यांमागे लपवले. दुसऱ्या दिवशी बघतो तर औषधांची खोकी उकलून, सपाट करून, त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर हिच्या रेघोट्या. माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन घेतलं होतं. मी कपाळाला हात लावला आणि कागद परत काढून दिले. म्हटलं, निदान औषधांची खोकी तरी शाबूत राहतील.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. कडक बाई. त्यांना हे कळल्यावर त्याही रागावल्या, म्हणाल्या, डाव्यालाच सगळं शिकवलंत तर उजवा आळशी होऊन बसेल. शेवटी तडजोड झाली. सकाळ उजव्याची, त्याला चेंडू दाबायचा, बोटं उघडायची, जे काही त्या सांगतील ते. दुपार डाव्याची. दुपारीही उजवा रिकामा बसत नव्हता. डाव्या हाताने उजवा उचलून ती कागदावर ठेवायची, वजन म्हणून, कागद सरकू नये म्हणून. "काही नाही तर एवढं तरी कर," असं त्याला बजावायची. मला ते ऐकवत नसे. मी उगाच पाणी प्यायला आत जायचो.

सुरुवातीच्या सोंडा बघवत नव्हत्या. थरथर, मधेच तुटलेल्या, टोकाशी शाईचे डाग. फाडायची आणि परत काढायची. खाणं, पिणं, कंगवा, बटण, दाराची कडी, सगळं डाव्याने करायला लागली. भरवायला गेलो तर चमचा माझ्या हातातून काढून घ्यायची. निम्मं अंगावर सांडायचं, पण घास स्वतःचा. मी ओरडायचो, लेक ओरडायची, आणि ही आमच्याकडे त्या तिच्या राक्षसासारखं अर्ध्या डोळ्याने बघायची. हळूहळू रेष सरळ यायला लागली. मग वळायला लागली. एक दिवस मी दारातून आत आलो आणि तिने श्वास रोखलेला होता. मी तसाच उंबऱ्यावर थांबलो. ब्रश मुळापासून टोकापर्यंत गेला, उचलला गेला नाही. तिने श्वास सोडला, मीही सोडला.

पुरा गिळंबा झाला तेव्हा मीच तो गुंडाळून ऑफिसात घेऊन गेलो. खरं सांगायचं तर मिरवतच गेलो.

संपादकांनी कागद टेबलावर पसरला आणि शेजारी एक जुना अंक उघडून ठेवला. म्हणाले, रेष छान आली आहे हो, पण हा आपला गिळंबा नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? त्यांनी बोट ठेवून दाखवलं. जुन्या चित्रात सगळ्या सोंडांची टोकं एका बाजूला वळायची. उजव्या हाताने ब्रश ओढला की मनगट जसं फिरतं तसं ते वळण. मुलं शाळेच्या बाकांवर, पाट्यांवर, गुडघ्यांवर तेच वळण काढत मोठी झालेली. डाव्या हाताने सगळी टोकं दुसरीकडे वळली होती. मग त्यांनी जाहिरातवाल्या गृहस्थांचा नमुना काढला. हुबेहूब. इतका हुबेहूब की मला त्या माणसाचा रागच आला. संपादक म्हणाले, गिळंबा पुढच्याच अंकात आहे, मला ताईंचं मन मोडायचं नाही, पण मुलं ओळखतात.

घरी जायला मी लांबचा रस्ता धरला. कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून दारातच भडाभडा सांगून मोकळा झालो. तिने कागद मागितला, भिंतीवरचा आरसा मला उतरवायला लावला आणि कागद त्याच्यासमोर धरला. आरशात तिचा जुना गिळंबा होता, जसाच्या तसा. आम्ही एकमेकांकडे बघितलं. एवढे दिवस इतके कागद झाले आणि आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. तिचं लक्ष रेष थरथरते का याकडे आणि माझं लक्ष ती दमली का याकडे. ती हसली. तेव्हा तिचं हसू अर्ध्याच तोंडाने यायचं, पण हसली. डाव्या हाताने टोकं जुन्या बाजूला वळवायचा प्रयत्न तिने तिथेच करून बघितला. वळत होती, पण रेष मेल्यासारखी यायची.

मग मला युक्ती सुचली. प्रेसमध्ये चित्राची फिल्म काढतात. ती पालथी लावली की डावं उजवं होतं, उजवं डावं. वेगळ्या कागदावरचं चित्र, फक्त तेवढं पालथं करायचं, की झालं काम. आरशातलं चित्रच छापून येईल. कुणाला ताकास तूर लागणार नाही. मी माझ्यावरच इतका खूश झालो की लगेच चपला घालायला उठलो.

"नको," ती म्हणाली.

मी म्हटलं, आता काय नको? तिने मला बसायला सांगितलं. तेव्हा तिला मोठं बोलायचं तर मधे थांबत थांबत बोलावं लागायचं, आणि मधे कुणी शब्द पुरवला तर राग यायचा. म्हणून मी गप्प बसलो.

"चित्र फिरवून छापतील. माझा हात कोण फिरवणार?" ती म्हणाली. "इतकी वर्षं तो मार खातो आणि पुढच्या वेळी धडधाकट येतो. कुठे खरचटलेलंही नसतं. असं कुणाचं असतं का? एकदा त्याला लागू दे. उजवी बाजू जळू दे. मग तो डावीने येईल."

आणि हे ती स्वतः जाऊन संपादकांना सांगणार होती. माझ्या हाती निरोप द्यायला तयार नव्हती.

त्या ऑफिसच्या इमारतीला लिफ्ट नाही. जन्मभर लोकांच्या लिफ्ट सुरू करून दिल्या आणि बायकोला मात्र तो जिना काठीने चढवत होतो. मी प्रत्येक वळणावर त्या इमारतीच्या मालकाचा उद्धार केला. ती प्रत्येक वळणावर थांबायची, भिंतीला टेकायची, आणि मी उचलून घेऊ का म्हटलं की पुढची पायरी चढायची. वर पोचलो तेव्हा तिच्यापेक्षा मला जास्त धाप लागली होती.

तिला दारात बघून संपादक उभेच राहिले. तिने बसून, पाणी पिऊन, सावकाश सगळं सांगितलं. मागच्या लढाईत उल्काजितच्या अग्नीने गिळंबाची उजवी बाजू जळाली. त्या सोंडा आता लोंबतात, फरफटत येतात. डाव्या सोंडा आहेत त्यांनी तो सगळं करतो, म्हणून त्यांचं वळण बदललं. कथा संपादकच लिहायचे. पहिल्या पानावर दोन ओळी घातल्या की झालं. संपादकांनी डोकं खाजवलं. त्यांची शंकाही खोटी नव्हती. म्हणाले, ताई, तो जखमी दाखवला तर मुलांना त्याची दया येईल. राक्षसाची दया यायला लागली तर लढाईत उरलं काय?

"दया येईल असा नाही काढणार," ती म्हणाली.

शेवटी त्यांनी एक संधी दिली. पानं ठरल्या तारखेला पोचली पाहिजेत, आणि बघून त्यांना पटली पाहिजेत. नाही पटली तर जाहिरातवाल्यांची पानं तयार आहेत, ती जातील, आणि गिळंबा कायमचा त्यांच्याकडे राहील. शिवाय या अंकात एक अख्खं पान होतं, पूर्ण आकाश गिळंबाने भरलेलं. ते पान टाळता येणार नव्हतं. ती हो म्हणाली. जिना उतरताना मी तिला म्हटलं, तुझ्या डोक्यात काय भरलंय ते एकदा डॉक्टरांना उघडून बघायला सांगतो. ती म्हणाली, आधी पायरी बघा.

मग काम सुरू झालं. लहान चौकटी बऱ्यापैकी लवकर झाल्या. जिवंत सोंडा तिच्या ओळखीच्या होत्या. अडलं ते मेलेल्या सोंडांशी. त्या तिने आधी कधी काढल्या नव्हत्या. मग काय केलं तिने, तर उजवा हात उचलून समोर टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघून काढायला लागली. बोटं कशी दुमडतात, मनगट कुठे लटकतं, वजन कुठल्या बाजूला पडतं. कोपर टेबलाच्या कडेवरून खाली सोडून बघितलं, हात कसा लोंबतो ते. तिला त्यात काही वाटत नव्हतं असं नाही. ओठ घट्ट मिटलेले होते. पण नजर हलली नाही. मला तिचा अभिमान वाटला आणि तिथून पळून जावंसंही वाटलं, दोन्ही एकदमच.

राहिलं अख्खं पान. त्यात एक सोंड खालच्या कोपऱ्यातून निघून सगळं आकाश ओलांडून वरच्या कोपऱ्यात जायची होती. एका दमात. डावा हात तेवढा टिकत नव्हता. अर्ध्यावर रेष लडखडायची. तिने फाडलं. परत काढलं, परत फाडलं. खोलीभर कागदांचे बोळे. तारीख तोंडावर आलेली. तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती आणि डॉक्टरांचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, पुरे कर. बाकी सगळं तुझं आहे, हे एक पान त्या गृहस्थांना काढू दे, कुणाला कळणार आहे? म्हटलं, मला भीती वाटते. तू परत अशी पडलीस तर मी काय करू, ते सांग मला.

तिने ब्रश खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ऐकलं.

"तुम्ही मला भरवलंत, अंघोळ घातलीत, वेणी घातलीत," ती म्हणाली. "मी सगळं करून घेतलं. लाज वाटली तरी करून घेतलं. हे एक नाही करून घेणार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. मग ती म्हणाली, बसून नाही होत, उभ्याने खांद्यातून ओढते. पाय दगा देईल, तेवढं मला कंबरेला धरा. हाताला लावायचं नाही.

मी तिच्या मागे उभा राहिलो आणि कंबरेला धरलं. उजवा हात तिने कागदावर ठेवला. श्वास घेतला. मीही घेतला. ब्रश खालच्या कोपऱ्यातून निघाला आणि तिचा सगळा खांदा, पाठ, कंबर त्याच्याबरोबर वळत गेली. मला ते तळहातांना कळत होतं. वरच्या कोपऱ्याच्या थोडं अलीकडे रेष थरथरली. सुटली मात्र नाही. टोकाला पोचली, डावीकडे वळली आणि संपली. आम्ही दोघं धपकन खुर्च्यांवर बसलो. थरथरलेली जागा मला दिसत होती, म्हणजे तिलाही दिसत असणार. मी घाबरत घाबरत विचारलं, फाडायचा का?

ती म्हणाली, "राहू दे. लागलंय त्याला."

पानं मीच घेऊन गेलो. संपादकांनी एका बाजूला जाहिरातवाल्यांची मांडली, एका बाजूला हिची. त्यांचा गिळंबा गुळगुळीत, जुन्या वळणाचा, अगदी मुलांना पाठ असलेला. हिचा वाकडा. एक बाजू फरफटत आणणारा. अख्ख्या पानावरची ती लांब सोंड आकाशाला धरून स्वतःला ओढत पुढे येत होती. संपादक एकेक पान उचलून बघत राहिले. मनात म्हटलं, नाही म्हणाले तर घरी जायचंच नाही, इथेच जिन्यात बसून राहायचं.

"पूर्वी हा भुकेला वाटायचा," ते शेवटी म्हणाले. "भुकेला असेल तर पोट भरल्यावर तरी जाईल. हा हट्टी वाटतो. हा काही जायचा नाही."

मी म्हटलं, "मला काय सांगता? मी घरात राहतो त्याच्याबरोबर."

ते हसले. मग त्यांनी जाहिरातवाल्यांची पानं गोळा केली, पाकिटात घातली आणि परत पाठवायला म्हणून बाजूला ठेवली. गिळंबा ताईंकडेच राहील, म्हणाले, जोवर त्या काढतील तोवर. मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही.

घरी आलो तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. रस्त्यावर मी दिसल्यापासून उभी असणार, पण मी आत गेल्यावर सहज उभी असल्यासारखं दाखवलं. मी तिला सगळं सांगितलं, संपादकांचा शब्दन् शब्द. माझं उत्तर तेवढं गाळलं. ती ऐकत असतानाच रडायला लागली. हॉस्पिटलात रडली नव्हती, जिन्यात रडली नव्हती, ती आता खुर्चीवर बसून लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. मी पाठीवर हात ठेवला आणि बसून राहिलो. रडून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, यापुढे सगळ्या गोष्टींत हा असाच येणार ना, डावीनेच? मी म्हटलं, हो, तसंच ठरलंय.

"आणि जिंकणार उल्काजितच?"

मी म्हटलं, ते तर पहिल्यापासून ठरलेलं आहे. तो नायक आहे.

"बघू," ती म्हणाली, आणि मला चहा ठेवायला सांगितला.